उभ्या गाडीच्या आडून

सावंतवाडी आणि बांदा यांच्या दरम्यान वसलेले इन्सुली हे गाव रस्त्याच्या सोबतीने वाढलेले आहे. पूर्वी ज्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ म्हणत आणि नव्या क्रमवारीत जो ६६ झाला, तो मुंबई–गोवा मार्ग या गावाच्या ओळखीचाच भाग आहे. इन्सुलीचा घाट ट्रकचालकांना ठाऊक असतो आणि येथील उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक असतो. पुढे बांदा, त्यापुढे पत्रादेवी आणि गोव्याची हद्द. अशा गावात मूल चालू लागले की त्याला पहिला धडा मिळतो तो रस्त्याचा. ‘गाडी इली, बाजूक रव’ हे वाक्य आजी-आजोबा दिवसातून कितीदा तरी उच्चारतात.

या धड्यात एक उणीव आहे. तो केवळ धावत्या गाडीविषयी बोलतो. उभ्या गाडीला आपण निरुपद्रवी वस्तू मानतो. ती दगडासारखी एका जागी आहे, ती कोणाचे काय बिघडवणार, अशी आपली समजूत असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा जो अहवाल प्रसिद्ध करते, त्यात मात्र ‘उभ्या वाहनावर आदळून झालेले अपघात’ असा एक स्वतंत्र रकानाच असतो. आणि उभ्या गाडीमुळे घडणाऱ्या हानीचा तो केवळ एक अंश होय. उभ्या गाडीच्या आडून धावत आलेले मूल दुसऱ्याच गाडीखाली सापडते, तेव्हा नोंद त्या धावत्या गाडीच्या नावे होते. आड उभी असलेली गाडी पंचनाम्यात क्वचितच येते.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी जवळपास प्रत्येक पाचवी व्यक्ती पायी चालणारी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे जगभरातील सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात हे आहे. लसीकरण, सकस आहार, स्वच्छ पाणी यांच्या बळावर वाचवलेली मुले आपण रस्त्यावर गमावतो. म्हणून गाडी कोठे उभी करावी, हा प्रश्न आरोग्यविषयक नियतकालिकात विचारला जाणे अस्थानी नाही.

चतुर्थीची गर्दी

‘पार्किंगचा प्रश्न’ हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे दादर, गिरगाव किंवा पुण्यातील पेठा येतात. सिंधुदुर्गातील खेड्याला तो प्रश्न लागू नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वर्षातून एकदा, गणेश चतुर्थीच्या आगेमागे, मुंबईतील मोहल्ला आपल्या गाड्यांसह कोकणातील वाड्यांवर उतरतो. पूर्वी चाकरमानी एसटीने येत, पुढे कोकण रेल्वेने येऊ लागले. आता रेल्वेचे आरक्षण मिळत नाही म्हणून, अथवा म्हाताऱ्या आईवडिलांना दारापर्यंत नेता यावे म्हणून, स्वतःच्या किंवा भाड्याच्या मोटारीने येणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. यात दोष देण्याजोगे काही नाही. वर्षभर कुलूप असलेले घर चार दिवस नांदते, हेच कोकणाचे सुख आहे.

अडचण जागेची आहे, आणि ती ऋतूशी जोडलेली आहे. उन्हाळ्यात वाडीवर दहा गाड्या आल्या तर त्या कापणी झालेल्या कुणग्यांत, मळ्यांत सहज सामावतात. चतुर्थीला तेच कुणगे पोटरीला आलेल्या भाताने भरलेले असतात. अंगणात चिखल असतो, शाळेच्या पटांगणात चाक रुतते, पाणंदीच्या दोन्ही बाजूंना गडगे असतात. मग गाडी उभी राहते ती एकाच कोरड्या, कठीण जागेवर, म्हणजे डांबरी रस्त्यावर. तो रस्ता मुळात एक गाडी जाईल एवढाच रुंद. त्यात एका बाजूला पाच मोटारी लागल्या की उरलेल्या पट्टीतून दुचाकी, रिक्षा, आरतीला या घरून त्या घरी धावणारी मुले, डोक्यावर माटवीचे सामान घेतलेली माणसे आणि पाऊस, हे सारे एकाच वेळी जाऊ पाहते. सोनुर्लीच्या माऊलीच्या जत्रेला किंवा गावोगावच्या जत्रांना हेच चित्र दिसते. फक्त तेव्हा पाऊस नसतो आणि अंधार अधिक असतो.

ही मुले बहुधा मुंबईत वाढलेली असतात. शहरात रस्त्याच्या कडेला बोट धरून चालायचे, हा नियम त्यांनी पाळलेला असतो; गावात आल्यावर तो सुटतो, कारण गाव म्हणजे मोकळीक. आईवडीलही निर्धास्त असतात. वर्षातील सर्वांत धोक्याचा आठवडा तो हाच.

मुलाची उंची, चालकाची नजर

उभी गाडी नेमके काय करते, हे थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारणतः ११५ सेंटिमीटर असते आणि त्याचे डोळे त्याहून सुमारे दहा सेंटिमीटर खाली. उंच बांध्याच्या आजच्या मोटारींचे बॉनेट जवळजवळ तेवढेच वर असते. टेम्पो वा ट्रक असेल तर प्रश्नच नाही. म्हणजे उभ्या गाडीमागील मुलाला येणारे वाहन दिसत नाही आणि येणाऱ्या चालकाला मूल दिसत नाही. दोघांचीही चूक नसताना दोघेही आंधळे झालेले असतात. मोठा माणूस गाडीच्या छतावरून पाहू शकतो. म्हणूनच ‘मला तर नीट दिसत होतं’ हे प्रौढांचे म्हणणे खरे असूनही निरुपयोगी ठरते.

आता चालकाच्या बाजूने हिशेब करू. समोर काही दिसले, ते मेंदूने ओळखले, पाय ब्रेकवर गेला, या क्रियेला सामान्य सावध माणसाला दीड सेकंद लागतो असे धरू. ताशी ३० किलोमीटर वेगाने चालणारी गाडी तेवढ्यात साडेबारा मीटर पुढे गेलेली असते आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर आणखी सुमारे पाच मीटरांत थांबते. एकूण १८ मीटर. वेग ताशी ४० असेल तर तीच गाडी थांबायला सुमारे २६ मीटर घेते, आणि ओल्या रस्त्यावर ३० मीटरांच्याही पुढे जाते. समजा, मूल १८ मीटरांवर अवचित समोर आले. तिशीतील गाडी त्याच्या पायाशी थांबेल. चाळिशीतील गाडीचा ब्रेक तेव्हा कुठे लागू लागला असेल. ती मुलाला गाठेल तेव्हा तिचा वेग अद्याप ताशी ३७ किलोमीटर असेल. वेगातील फरक दहाचा, परिणामातील फरक एका आयुष्याचा.

आणि मूल १८ मीटरांवरच दिसेल याची तरी शाश्वती कोठे आहे? धावणारे मूल सेकंदाला तीन मीटर सहज कापते. उभ्या गाडीच्या कडेपासून रस्त्याच्या मध्यापर्यंतचे दोन मीटर ते एका सेकंदाच्या आत ओलांडते, म्हणजे चालकाचा दीड सेकंद पुरा होण्यापूर्वी. येथे चालकाचे कौशल्य कामास येत नाही. उपाय दोनच उरतात : वेग कमी असणे आणि नजरेच्या वाटेत गाडी उभी नसणे.

मुलांना नीट शिकवले म्हणजे झाले, असे पुष्कळ पालक मानतात. स्टिना सँडेल्स या स्वीडिश मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९६० च्या दशकात मुलांच्या रस्त्यावरील वर्तनाचा दीर्घ अभ्यास केला आणि तिचा निष्कर्ष पालकांना आजही न रुचणारा आहे : लहान मूल कितीही शिकवले तरी ते वाहतुकीसाठी परिपक्व नसते. त्याला नियम पाठ असतो; चेंडू घरंगळला की तो आठवत नाही. आवाज कोणत्या दिशेने येतो हे त्याला लवकर उमगत नाही. पुढे ब्रिटनमधील रॉयल हॉलोवे येथील संशोधकांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेतील मुलांना ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने समोरून येणारे वाहन ‘जवळ येत आहे’ हेच विश्वासाने ओळखता येत नाही. त्यांच्या दृष्टीला ते जागीच असल्याचा भास होतो. दृष्टी अधू नसते, तिचा विकास पुरा झालेला नसतो इतकेच. म्हणून ‘बाजूक रव’ हे सांगावेच, पण त्यावर विसंबू नये. जबाबदारी मोठ्यांची, आणि त्यातही गाडी लावणाऱ्यांची.

मुंबईने काय केले

गाडीचा प्रश्न शहरातून आला आहे, तेव्हा शहराने तो कसा हाताळला हेही पाहावे. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ साली फुकट पार्किंगच्या खऱ्या किमतीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा असा की खासगी मोटार आपल्या आयुष्याचा सुमारे ९५ टक्के काळ उभीच असते. म्हणजे मोटार ही मुख्यतः जागा व्यापणारी वस्तू आहे, आणि धावणे हे तिचे फावल्या वेळचे काम! एका मोटारीच्या थांब्यासाठी अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा धरतात. म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. वरळी, नायगाव, डिलाईल रोड येथील बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. सिंधुदुर्गातून गेलेल्या कितीएक गिरणी कामगारांनी ज्या जागेत आख्खे संसार केले, जवळजवळ तेवढी सार्वजनिक जमीन आज एक मोटार रस्त्याच्या कडेला अडवून ठेवते, आणि बहुतेक वेळा विनामूल्य. ज्या चाळी व वाड्या बांधताना कोणाकडे मोटार असण्याची कल्पनाच नव्हती, त्या गल्ल्यांत हा भार आला आहे. मुंबईतील नोंदणीकृत वाहनांची संख्या आता ४० लाखांच्या पुढे आहे.

७ जुलै २०१९ पासून मुंबई महानगरपालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना जबर दंड आकारण्यास प्रारंभ केला. प्रवीण परदेशी तेव्हा आयुक्त होते. दंड ५,००० रुपयांपासून सुरू होत असे आणि अवजड वाहनांसाठी विलंबशुल्क धरून २३,२५० रुपयांपर्यंत जात असे. त्यावर मोठा गदारोळ झाला. रहिवाशांचे म्हणणे होते की जुन्या इमारतींत वाहनतळ नाही, आणि सार्वजनिक वाहनतळ घरापासून दूर आहे. पुढे रकमा कमी करण्यात आल्या. दंडाचा धाक काही रस्त्यांवर दिसला, काहींवर नाही. आमच्या मते त्या प्रयोगाचा दोष दंडाच्या रकमेत नव्हता. ‘गाडी विकत घेताना ती ठेवणार कोठे?’ हा प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारायचा सोडून घेतल्यानंतर विचारला गेला, हा खरा दोष.

जपानने तो आधी विचारला. तेथे १९६२ च्या कायद्यानुसार मोटार नोंदवताना घरापासून दोन किलोमीटरांच्या आत तिच्यासाठी स्वतःची वा भाड्याची जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो, आणि रात्री रस्त्यावर गाडी सोडता येत नाही. टोकियोतील अरुंद गल्ल्यांतून सहा-सात वर्षांची मुले एकटी शाळेत जातात, यामागे इतर कारणे आहेतच. पण त्या गल्ल्यांच्या कडा मोकळ्या असतात हेही एक कारण मानण्यास हरकत नाही. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी जागेच्या दाखल्याविना नव्या गाडीची नोंदणी नको, असा विचार जाहीर केला. त्याला विरोध होणार हे उघड आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाला ती जाचक अट वाटेल. तथापि ज्या कुटुंबाकडे गाडी नाही, त्याच्या मुलांनी चालायचे कोठून, हा प्रश्न त्या चर्चेत कोणी मांडल्याचे फारसे आढळत नाही.

पुण्याचा मार्ग निराळा. सम-विषम तारखांना रस्त्याची बाजू बदलणारे ‘पी १’, ‘पी २’ हे फलक पुणेकरांच्या अंगवळणी पडले आहेत. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. एका दिवसाने काय होणार, असे विचारता येईल. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध चालणारी वृद्ध जोडपी पाहिली की एरवी वर्षभर ती कोठे असतात, हा प्रश्न मात्र मनात येतो.

त्यांचे उत्तर वैद्यांना ठाऊक असते. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, निद्रानाश, कशासाठीही गेले तरी सल्ला एकच मिळतो : रोज चाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. पदपथावर दुचाकी लावलेल्या असतात, म्हणून वृद्ध माणूस रस्त्यावर उतरतो. मोतीबिंदूमुळे समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. एकदा घाबरतो, दुसऱ्यांदा पडता पडता वाचतो आणि तिसऱ्या दिवसापासून घरीच बसतो. औषधाची चिठ्ठी मिळाली, पण औषध घ्यायला रस्ता नाही, अशी ही अवस्था. सावंतवाडीकरांना मोती तलावाचा काठ आहे, हे त्यांचे भाग्य. खेड्यातील माणसाला महामार्गाच्या पांढऱ्या रेषेबाहेरचा हातभर पट्टाच काय तो असतो, आणि नेमका तोच गाडी उभी करण्याची जागा समजला जातो.

‘फलक नव्हता’

आपल्याकडे एक समज घट्ट रुजला आहे : ‘नो पार्किंग’चा फलक नसेल तेथे गाडी लावण्यास मुभा असते. कायदा तसे म्हणत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ नुसार सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा वा अकारण गैरसोय होईल अशा रीतीने वाहन सोडणे हाच अपराध आहे. त्यासाठी फलकाची गरज नाही. वाहन चालवण्याच्या नियमांत तर जागांची यादीच आहे. चौक, वळण, चढाचा माथा, पूल, पदपथ, पादचारी पट्टे, बसथांबा, शाळेचे व रुग्णालयाचे प्रवेशद्वार, वाहतुकीचे चिन्ह झाकले जाईल अशी जागा, दुसऱ्या उभ्या वाहनाच्या समोरासमोरची वा बाजूची जागा, आणि वेगवान वाहतुकीचा मुख्य रस्ता. ही यादी वाचताना ध्यानात येते की ती कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेली नाही. प्रत्येक जागा अशी आहे की तेथे उभी असलेली गाडी कोणाची तरी नजर अडवते. वळणावर चालकाची, माथ्यावर समोरून येणाऱ्याची, शाळेच्या दाराशी मुलाची.

घाटातील वळणावर चहाच्या टपरीपाशी किंवा धबधबा दिसला म्हणून गाडी थांबवणाऱ्यांनी ही यादी विशेष ध्यानी ठेवावी. ‘दोन मिनिटं’ हे समर्थन येथे चालत नाही, कारण मागून येणाऱ्याला ती दोन मिनिटे कोणती हे कळत नाही.

रात्रीच्या महामार्गावर हाच प्रश्न उग्र होतो. बंद पडलेला वा विश्रांतीसाठी कडेला घेतलेला ट्रक, मागचे दिवे विझलेले, पाऊस आणि धुके. मागून येणारी मोटार त्याच्यावर आदळते तेव्हा तिचे बॉनेट ट्रकच्या चौकटीखाली शिरते आणि हौद्याची कड थेट काचेवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येते. मोटारीचा जो पुढचा भाग धक्का शोषण्यासाठी बनवलेला असतो, त्याला धक्का लागतच नाही. अमेरिकेत १९६७ साली जेन मॅन्सफिल्ड ही अभिनेत्री अशाच रीतीने ट्रकखाली मोटार शिरून दगावली आणि ट्रकच्या मागे लावायच्या आडव्या दांड्याला तेथे तिचेच नाव रूढ झाले. आपल्याकडेही असा दांडा आणि मागच्या बाजूस लाल परावर्तक पट्टी अवजड वाहनांना बंधनकारक आहे. पट्टी चिखलाने माखलेली असेल तर ती असून नसल्यासारखीच.

गाडी बंद पडली की आपल्याकडे काय करतात? मागे चार दगड मांडतात, वर किंजळाची नाहीतर आंब्याची फांदी ठेवतात. रात्री फांदी दिसते ती अगदी जवळ आल्यावर, आणि गाडी दुरुस्त करून चालक निघून जातो तेव्हा दगड रस्त्यातच राहतात, पुढच्या दुचाकीस्वारासाठी. नव्या गाडीसोबत परावर्तक त्रिकोण मिळतो. तो डिकीत, सामानाच्या तळाशी असू नये. गाडीपासून मागे किमान पन्नास-साठ पावलांवर, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, तो ठेवावा. चारही दिवे लुकलुकते ठेवावेत, आणि माणसांनी गाडीत किंवा गाडीच्या मागे न थांबता रस्त्यापासून दूर उभे राहावे. विशेषतः हे शेवटचे. कुटुंबे पावसामुळे गाडीतच बसून राहतात, आणि ते अत्यंत धोक्याचे असते.

उभ्या गाडीच्या आतही धोका असतो, तो थोडक्यात सांगतो. उन्हात बंद मोटारीतील तापमान दहा-पंधरा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकते आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापते. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिल येथे खेळता खेळता उभ्या मोटारीत शिरलेली दोन लहान भावंडे गुदमरून दगावली. म्हणून घराजवळ उभी गाडी नेहमी कुलूपबंद असावी आणि मूल दिसेनासे झाले तर विहिरीइतक्याच तातडीने आसपासच्या गाड्याही पाहाव्यात. रात्रभर गाडी चालवून आलेले चालक एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपतात. बंदिस्त जागेत किंवा धुराडे चिखलाने बुजलेले असताना कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला वास नसतो, आणि झोपेतील माणसाला तो उठवत नाही. शिवाय दार उघडण्याची सवय. चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडावे. अंग आपोआप वळते आणि मागून येणारी दुचाकी दिसते. नेदरलँड्समध्ये ही सवय चालकांना आवर्जून लावली जाते.

रुग्णवाहिकेची वाट

चतुर्थीच्या दिवसांत वाडीवर वृद्धांची संख्याही वाढलेली असते. प्रवासाचा शीण, जागरण, औषधाच्या चुकलेल्या वेळा, गोडधोड. छातीत दुखणे, अर्धांगाचा झटका, साखर एकाएकी उतरणे, या घटना याच दिवसांत घडण्यास कारणे पुरेशी असतात. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे; ती बोलावल्यावर मुख्य रस्त्यापर्यंत येते. पुढे वाडीच्या रस्त्यावर ओळीने गाड्या असतील आणि प्रत्येकाचा मालक वेगवेगळ्या घरी आरतीत असेल, तर काय होते हे सांगायला नको. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सावंतवाडी तालुक्यातील गंभीर रुग्ण बहुधा बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यावा लागतो. त्या साडेचार तासांत घरातील घालमेल, रुग्णवाहिकेची वाट, प्रवास आणि तेथील तपासण्या, सारे बसवायचे असते. त्यातील पंधरा मिनिटे ‘ती पांढरी गाडी कोणाची हो?’ असे ओरडत फिरण्यात घालवणे परवडणारे नाही.

अपघातग्रस्ताला मदत करताना पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती आता बाळगू नये. कायद्यातील कलम १३४-अ मदत करणाऱ्यास संरक्षण देते. मे २०२५ पासून केंद्र शासनाच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला मान्यताप्राप्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात.

आता प्रश्न उरतो तो गाड्या ठेवायच्या कोठे. शहरात याचे उत्तर कोट्यवधींचे असते. खेड्यात ते पुष्कळ स्वस्त आहे, कारण येथे जागेची टंचाई वर्षातून दहा दिवसांचीच असते. प्रत्येक गावात थोडी भरड असते, कातळ असतो, देवळासमोरचे किंवा बाजाराचे कठीण पटांगण असते. ती जागा वाडीपासून दहा मिनिटांवर असेल. म्हाताऱ्यांना व सामानाला दारात उतरवून गाडी तेथे नेऊन ठेवणे हे काही मोठे दिव्य नव्हे. तेथे एक दिवा, दोन खांब आणि रात्री एक राखणदार, एवढी सोय झाली की लोक गाडी ठेवतात. ज्या वळणांवर, चढांवर व शाळेच्या दाराशी गाडी मुळीच नको, तेथे चुन्याची पांढरी पट्टी ओढली तरी प्रारंभी पुरे. अधिकृत बंदी हवी असेल तर वाहनतळाच्या व मनाईच्या जागा ठरवण्याचा अधिकार कलम ११७ नुसार शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला आहे, आणि त्याने स्थानिक संस्थेचा विचार घेणे अपेक्षित आहे. अर्थात ग्रामपंचायतीचा ठराव आधी हवा.

या ठरावाला एक सोयीचा दिवस आहे. १५ ऑगस्टला गावोगावी ग्रामसभा भरते, आणि चतुर्थी त्यानंतरच येते. कधी आठवड्याभराने, कधी महिन्याने. त्या सभेत गावाचा एक साधा नकाशा भिंतीवर लावावा. रुग्णवाहिका कोणत्या रस्त्याने आत जाईल, ती वळेल कोठे, तो रस्ता किती रुंद मोकळा हवा, हे आधी ठरवावे. गाड्यांच्या जागा त्यानंतर. प्रत्येक वाडीतील दोन तरुणांकडे वाडीत आलेल्या गाड्यांचे क्रमांक आणि मालकांचे फोन असावेत. आणि हा नकाशा वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुंबई, ठाणे, पुण्याकडील घरांत सभेच्या दुसऱ्याच दिवशी पोहोचावा, म्हणजे रात्रभर गाडी चालवून पहाटे कणकवली ओलांडणाऱ्या माणसाला आपली गाडी कोठे लावायची हे घरचा रस्ता लागण्यापूर्वीच ठाऊक असेल.